गार कान

पत्र्याखाली दुपार बेचाळिसावर,
आणि हिचे कान गार.

तिघं आईला ढुसण्या देतायत,
ही चिंध्यांत बाजूला, तोंड भिंतीकडे.
मागांच्या खडखडाटात
न रडणारं कुणाला ऐकू येतं?
दीडला लाइट गेली, गल्ली गप्प झाली,
तेव्हा कळलं,
ही ओरडतच नाहीये.

सूप बाजूला सारलं.
मानेची कातडी चिमटीत धरून सोडली,
तशीच उभी राहिली,
भिजवायचं राहून गेलेल्या तेंदूच्या पानासारखी.
तीस वर्षं विड्या वळणाऱ्या बोटांना
सुकं पान सांगावं लागत नाही.
हिरड्याही पांढुरक्या.

लावण्या दुधाची वाटी घेऊन धावली.
थांब. गार पोटाला दूध झेपत नाही.
आधी ऊब.
बाटलीत गरम पाणी,
भोवती कारखान्यानं नाकारलेला टॉवेल,
त्यात ही, मुठीएवढी.
नरसव्वा दारातनं म्हणाली,
चौथं कधी जगलंय का?
मी उत्तर दिलं नाही.

अंग जरा निवळल्यावर साखरेचं पाणी,
थेंब थेंब, हिरडीवर.
तीनदा हात धुतले साबणानं,
तंबाखूचा वास काही जाईना.
म्हटलं, लावण्या, तुझं बोट दे.
तुझं बोट स्वच्छ आहे.

आज हजार भरणार नाहीत.
कापू दे मुकादमाला काय कापायचं ते.
रिक्षात टॉवेल पोटाशी,
जनावरांचा दवाखाना पाचला बंद होतो.
अशोक चौकाच्या वळणावर
कान जरासा कोमट लागला,
की माझाच हात
उन्हानं तापलाय?