किरकोळ खर्च

वागळे इस्टेट, रस्ता क्रमांक सोळा, गाळा नऊ.
भिंगारदिवे रबर प्रॉडक्ट्स.
वॉशर, गॅस्केट, ओ-रिंग.
एकवीस वर्षं मी तिथल्या वह्या लिहिल्या.
पहिल्या पानावर श्री काढायचो,
हनोखशेठ बघायचे, काही म्हणायचे नाहीत.
एकदाच म्हणाले, खोपकर, अक्षर मात्र
देवाला दाखवण्यासारखं आहे.

माणूस चिकट होता. हे लिहून ठेवतो,
कारण निरोपाच्या सभेत कोणी बोललं नाही.
वापरलेल्या पाकिटांच्या पाठीवर कोटेशनं,
चहा कटिंग, तोही डोकी मोजून.
घासाघीस करता करता मध्येच गप्प बसायचे;
समोरचा त्या शांततेला घाबरून दर उतरवायचा.
पुढे प्रवचनातही तसेच थांबत.
मला वाटायचं, आता मंडळी दोन टक्के सोडणार.

चौऱ्याण्णव साली, मार्चअखेर,
प्रेसखाली बेचनची दोन बोटं गेली.
उजव्या हाताची. मधलं आणि त्याच्या शेजारचं.
मी विचारलं, कुठल्या खात्यात टाकू?
ते फोनवर होते. हातानेच काहीतरी खूण केली.
मी लिहिलं: किरकोळ खर्च, औषधपाणी, अठराशे.
ताळेबंद जुळला.

सहा वर्षांनी एका संध्याकाळी
जुनी वही काढायला लावली. विक्रीकराचं काही होतं.
पानं उलटता उलटता बोट त्या ओळीवर आलं
आणि तिथेच राहिलं.
कंप्रेसर बंद पडला, वॉचमनने शटर अर्धं ओढलं,
मला बायकोला घेऊन डॉक्टरकडे जायचं होतं.
शेवटी म्हणाले,
अक्षर तुमचं आहे, खोपकर.
ओळ माझी.

मग वेड लागलं, असं सगळे म्हणाले.
गाळा विकला, प्रेस भंगारात घातला.
मेहुणा तीन दिवस मुक्काम ठोकून बसला.
रूथवहिनी म्हणाल्या, देव तुम्हाला बोलावतोय,
मला काही हाक ऐकू आली नाही.
पण गेल्या.
सत्तेचाळिसाव्या वर्षी हे पोरांच्या बाकावर बसून ग्रीक शिकले.
मला कार्ड आलं: इथे सगळं फुकट मिळतं म्हणतात,
मला अजून हिशोब लागत नाही.

बेचनकडेही गेले. लोकमान्यनगरला त्याचं इस्त्रीचं टेबल.
हे हात जोडून उभे, तो डाव्या हाताने कॉलर दाबतोय.
म्हणाला, माफी-बिफी रहने दो सेठ,
लडके को कहीं लगवा दो.
लावला. महापेला, वायरमन.

बिशपांनी डोक्यावर हात ठेवले
आणि दिघ्याची मंडळी दिली:
अकरा कुटुंबं, पत्र्याचं छप्पर, मागे खदाणीचा धुरळा.
दानपेटी मोजायला मला बोलवायचे.
मी तिथल्याही वहीवर श्री काढला. काही म्हणाले नाहीत.
पुढे नेरुळ, मग कळवा.
एका गाळ्यातून वीस वर्षं न हललेला माणूस
बिशपांचं पत्र आलं की ट्रंका बांधायचा.
दर विचारायचा नाही.

झग्याच्या खिशात एक गॅस्केट असायचं.
दोन लोखंडांच्या मध्ये बसतं, चेपतं,
म्हणून गळत नाही.
यावर एक तरी प्रवचन करा, मी कितीदा म्हटलं.
छे, म्हणायचे, माल विकल्यासारखं होईल.

परवा वहिनींनी वह्या दिल्या, रद्दीत घाला म्हणाल्या.
सभेला बेचन आला होता त्याच आठवड्यात,
मागे उभा, चपला हातात.
मी चौऱ्याण्णवची उघडली.
माझ्या ओळीखाली पेन्सिलीने,
त्यांच्या त्या गिचमिड अक्षरात: बाकी.
पुढे आकडा नाही.
रिकामा रकाना दिसला की माझा हात शिवशिवतो.
वही अजून टेबलावरच आहे.