नव्वद मिनिटं

वासणा रोडवर, तिसऱ्या मजल्यावर,
माणशी सातशे नव्याण्णव, कर वेगळा.
दारात लाल कंदील, झुरमुळ्यांवर धूळ,
आणि पाटी: वेळ नव्वद मिनिटं.
पानात टाकल्यास शंभर ग्रॅमला साठ रुपये दंड.
"आमच्या शाळेसारखंच की," आई म्हणाली.
बाबांनी फक्त घड्याळ पाहिलं.

टेबलाला मधोमध भोक, भोकात शेगडी, शेगडीवर पातेलं,
पातेल्यात पत्र्याची भिंत.
अलीकडे तांबडं पाणी, पलीकडे पांढरं.
पांढरं जैन, असं वेटर म्हणाला.
तो छोटा उदेपूरचा. अंगात ड्रॅगनचं जाकीट,
बाह्या दोनदा दुमडलेल्या.
"उकळी आली की टाकायचं. पछी जे भावे ते."

आम्ही ताटं भरून आणली:
पाकचोय (आईनं त्याला पालक समजून निवडायलाच घेतलं),
मश्रूम, गोठलेलं पनीर, काचेसारख्या शेवया,
आणि मी हट्टानं घेतलेले कोलंबीचे चार गोळे.
तीन माणसं, सहा काड्या.
वाट पाहू लागलो.

इथं सांगायला हवं
की बाबांनी नंदेसरीला एकतीस वर्षं बॉयलर सांभाळला.
रात्रपाळीला काट्यावर डोळा ठेवून
आमची शिक्षणं केली.
घरी चहाचं आधण ते बाहेरच्या खोलीतून ओळखतात.
"टाक आता साखर."
त्यांना अडुसष्ट लागलं, त्याची ही मेजवानी.
बंगळूरला मी हे पहिल्यांदा खाल्लं तेव्हा
वाफेनं सगळ्यांचे चष्मे धुरकटले होते
आणि कुणीतरी खूप हसत होतं.
तेवढंच मला हवं होतं.

वीस मिनिटं. पाणी ढिम्म.
"थई जशे, काका."
तीस. तिखटाचा तवंग गोधडीसारखा पडून.
आईनं लिचीची वाटी आणली, मग पापड, मग परत लिची.
शेजारी कुणाचा तरी केक कापला,
त्यांचं पातेलं खदखदत होतं.
मी एक गोळा कोमट पाण्यात बुडवून चावला.
आत बर्फाची खडी.
"छान आहे," म्हणाले.

पंचेचाळिसाव्या मिनिटाला बाबा टेबलाखाली गेले.
एक गुडघा, मग दुसरा,
नव्या पँटची इस्त्री मोडत.
वेटर धावला, मॅनेजर धावला.
खालून तो आवाज आला, जो मी लहानपणी
रात्री दोनला, कारखान्याच्या फोनवर ऐकायचे:
"पातेल्याचं बूड वाकडं आहे. शेगडीला टेकतच नाही.
बदला."
"साहेब, बीजुं नथी हमणां."
"बदला."

बदललं. तोवर तास आणि दहा मिनिटं.
नवं पातेलं, नवं पाणी,
बाबा त्याच्यावर वाकलेले, काड्या बाजूला सारून.
तळाशी मोहरीएवढे बुडबुडे,
मग बोराएवढे.
"ऐक," ते म्हणाले.
बारीक शीळ येत होती. मग ती थांबली.
"थांबली ना? आता बघ."
आणि उकळी फुटली, भिंतीच्या दोन्ही अंगांना एकदम.
त्यांचा चष्मा पांढरा झाला.
ते हसले नाहीत. चष्माही पुसला नाही.

मी काडीत शेवया धरल्या होत्या, एवढ्यात मॅनेजर:
मॅडम, पुढचं बुकिंग उभं आहे.
मग वजनकाटा आला.
कच्चं पाकचोय, कच्चे मश्रूम, घाम सुटलेलं पनीर,
सहाशे चाळीस ग्रॅम.
मी भांडले. हिंदीत, मग गुजरातीत, शेवटी मराठीत.
दंड निम्मा झाला.
ड्रॅगनवाला मुलगा पातेल्यावर झाकण ठेवत होता,
आत अजून खळखळ चालू.

जिन्यात आईनं विचारलं,
"आपण नेमकं खाल्लं काय गं?"
बाबा पुढे होते, कठडा धरून,
गुडघ्यांवर दोन तेलकट गोल घेऊन.
"पत्रा पातळ आहे त्यांचा," ते म्हणाले,
"दोन महिन्यांत हेही वाकेल."