कीस

बाई पहिल्यांदा गाळ्यात आल्या तेव्हा वाटलं
पत्ता चुकला असणार.
रबाळे एमआयडीसी, शेवटची गल्ली.
इथं साडीतलं माणूस दिसतं ते फक्त खंडेनवमीला,
शेठच्या घरचं.

पिशवीचं तोंड उघडं धरून म्हणाल्या,
"अ‍ॅल्युमिनियमचा कीस हवाय.
बारीक. तेल न लागलेला. चार किलो."

सव्वीस वर्षं लेथवर उभा आहे.
लोक मागायला आले ते बुश, पिना, शाफ्ट,
तेही कालच्या तारखेला.
कीस कुणी मागितला नव्हता.
कीस शनिवारी भंगारवाला नेतो
पोत्यात पायानं दाबून.

टिपणीसबाई, ऐरोलीच्या.
समोरच्या गच्चीवर मोबाईलचा टॉवर.
टॉवर आला आणि झोप गेली, असं त्या सांगतात.
(टॉवर आला चैत्रात.
साहेब गेले फाल्गुनात.
हे मी जोडलं. त्यांनी नाही.)

एका रविवारी कीस पोचवायला गेलो
तर बाल्कनीत कारखानाच:
दोन वाट्या रेझिन, एक वाटी हार्डनर,
आइस्क्रीमच्या काडीनं सावकाश ढवळायचं,
हात घाईला आला की बुडबुडे.
साचे मोदकाचे. आतून तेलाचं बोट फिरवलेलं.
"गणपतीला वेगळे घेतलेत," त्या पटकन म्हणाल्या,
जसा काही मी देवस्थानचा ट्रस्टी.
तळाला माझा कीस, मग तांब्याचं वेटोळं,
वेटोळ्याच्या पोटात स्फटिक, वर पुन्हा कीस.
वासानं डोळे चुरचुरायला लागले.
दोघंही तोंडाला फडकं बांधून बसलो
चोरांसारखे.

रेझिन सुकताना आवळतं, त्यांनी सांगितलं,
स्फटिक दाबला जातो,
वाईट ऊर्जा आत शिरते, चांगली होऊन बाहेर पडते.
मी विचारलं, मोजायची कशानं?
व्हर्नियर खिशात असतो, सवय.
त्या हसल्या नाहीत.
"झोपेनं."

स्फटिक मात्र साडेतीनशेला एक!
मला हसू आवरेना. अहो, ही तर गारगोटी.
आम्ही गोठिवलीची पोरं,
डोंगरात सुरुंग उडाला की खाणीत पळायचो
मुकादम शिव्या देत मागे,
आणि रात्री गोधडीखाली दोन गारा घासून
ठिणगी पाडायचो, तिचा तो जळका वास घ्यायचो.
खाण बंद झाली. डबा आईनं ठेवला होता.
मूठभर नेऊन दिल्या.
वेटोळीही मीच करून दिली, बारा एमएमच्या रॉडवर,
साडेतीन वेढे, उजवीकडून.
उजवीकडूनच का, ते विचारलं नाही.
ड्रॉइंगवर लिहिलेलंही मी कधी विचारत नाही.

टॉवरच्या बिल्डिंगभोवती त्यांनी सात पुरले,
कुंड्यांत, कंपाउंडच्या कडेला.
एक वॉचमनला सापडला.
जड, चमकणारा, मोदकाच्या आकाराचा.
त्यानं कुंकू लावून सोसायटीच्या देवळात ठेवला.
बाईंनी आठवडाभर विचार केला आणि
तिथेच राहू दिला.

एक मला दिला. हेडस्टॉकवर ठेवलाय.
परवा लाईट गेली, मशीन थांबलं,
म्हणून मोबाईलच्या उजेडात धरून बघितला.
आत एक कीस होता, कडेला दातेरी.
तो ओळखला मी.
मार्चमधला जॉब, टूलची धार गेली होती
आणि शेठ म्हणाला, चालव तसंच.
जॉब चाकणला गेला,
कुठल्या गाडीच्या कुठल्या पोटात आहे कोण जाणे.
काढून टाकलेलं हे एवढं
इथं काचेत बसल्यासारखं
माझ्याकडं बघत होतं.

काल बाई आल्या, पिशवी घेऊन.
कीस वेगळा काढून ठेवला होता, चाळून.
मी विचारलं, झोप?
"चार तास लागते आता."
आणि आधी?
पिशवीची गाठ मारता मारता म्हणाल्या,
"आधी मोजत नव्हते."