तहकूब

सव्वीस जानेवारी. झेंडा आठला, सभा दहाला.
अकरापर्यंत आले चौदा,
त्यातले दोघे जिलबी उरली का बघायला.
भाऊसाहेबांनी पेनाला टोपण लावलं:
तहकूब.
तहकूब सभेला कोरम लागत नाही,
हे पांझरेच्या काठी शेंबड्या पोरालाही पाठ.

मग मी निघतो, काखेत रजिस्टर.
बावीस वर्षं शिपाई म्हणून हेच:
गिरणीत चार सह्या, अंगावर पीठ,
जिनिंगच्या फाटकाशी नऊ,
नळावर अंगठे. ओले. शाई फुटते.
ठराव मागाहून येतात,
वरच्या मोकळ्या जागेत बसतात.

रात्री हिलालच्या मळ्यात भरीत.
काडकोड्या भडकल्या, वांगी फुटली,
आणि बोलणंही.
मनोहर म्हणाला, कडक माणूस पाहिजे एकच,
कशाला हव्यात सभा नि बिभा, धडाधड कामं!
हिलाल वांगं उलटत म्हणाला,
तुझा नंबर लागला म्हणजे तोच कडकपणा
तुला पुरेल का, भो?
मनोहर हसला. मग हसला नाही.
शमीमबीच्या पोरानं मोबाइल दाखवला:
'आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे.'
खांबावरचा दिवा मागे तसाच, काळा.
मतदान करतो की, कुणी तरी म्हणालं,
आणि पाच वर्षं मग बोटाकडे बघत बसतो.

चुलीपाशी दगूबाई भिल
कळण्याच्या भाकरी थापत होती.
मान वर न करता म्हणाली,
"दहाले आम्ही फरदड येचाले जातस.
कोनले इचारीसन दहाले ठेवी सभा?"

कुणालाच माहीत नव्हतं.
मलाही नाही, आणि नोटीस मीच चिकटवतो,
खळ मीच शिजवतो.

"तू मन्हा अंगठा लई जास.
मन्हं बोलनं कोठे लिखस?"

म्हटलं, मावशी, रकाना नाही.
तिनं भाकर तव्यावर टाकली.
कुणी मीठ मागितलं नाही, कुणी खोकलं नाही.
सवयीनं माणसं मोजली: सत्तेचाळीस.
कोरमला कमीच.

रजिस्टर गाडीच्या डिकीत होतं.
काढलं. मागचं पान, जिथे रेघा संपतात.
हिलालनं बॅटरी धरली.
मी लिहिलं जसं ती बोलली तसं,
'येचाले'ला 'वेचायला' केलं नाही.
मग मनोहर म्हणाला, माझंही लिही,
आधीचं नको, आता सांगतो ते.

पानाला भरताचं तेल लागलंय.
उद्या भाऊसाहेब विचारतील,
हा डाग कसला.