निकष तीन

समिती यायला अकरा दिवस होते तेव्हा
प्राचार्य म्हणाले, निकष तीन तुमच्याकडे, भारंबे मॅडम.
निकष तीन म्हणजे संशोधन.
म्हणजे एक्सेलची एक शीट, चौदा रकाने,
आणि रात्री साडेअकराला लॉगिन,
दिवसा यावलात सर्व्हर चालत नाही.

वाणिज्यच्या फालकांनी पेटंट आणलं.
केळीचा घड तोलायचं यंत्र, सहा जणांची नावं,
माणशी साडेचार हजार.
यंत्र कुणी केलेलं नाही. चित्र आहे.
चित्रात दांडा घडाच्या खालून निघालाय
हे जुम्मा तडवीनं चहा ठेवता ठेवता दाखवलं.
सगळे हसले, फालकही हसले,
आणि पेटंट रकान्यात बसलं.

ढाके सरांच्या वह्या कपाटावर होत्या.
बावीस. लाल कापडी पुठ्ठ्याच्या,
वरून सुतळी, सुतळीत पालीची अंडी.
सातपुड्याच्या पायथ्याच्या एक्केचाळीस विहिरी,
वर्षातून दोनदा: आखाजीला, आणि दिवाळी झाल्यावर.
शेरा: मोट. पुढे: इंजिन. पुढे: मोटर.
काहींपुढे: बुजवली.
अक्षर एकच, फक्त दोन हजार सहाच्या आखाजीला बदलतं.
हात प्लास्टरमध्ये होता. काकूंनी लिहिलंय.

फोन केला. सर, ह्याला डीओआय आहे का?
काय असतं ते?
सांगितलं.
बरं, म्हणाले, माह्या येळी नव्हतं.
मग विचारलं, मोहराळ्याच्या इहिरीवर
यंदा कोन गेलं होतं?
आवाज तुटतोय सर, मी म्हणाले.
तुटत नव्हता.

समिती आली. तिघं.
कुंड्या भुसावळच्या नर्सरीतून, दोन दिवसांच्या भाड्यानं.
अध्यक्षांना भरीत आवडलं, कळण्याची भाकरी तिखट लागली.
भूगोलाला सात मिनिटं.
वह्या मी टेबलावर उघड्या ठेवल्या होत्या.
त्यांच्यातल्या एका बाईंनी पान उलटलं,
बोट रकान्यावरून खाली नेलं
सतरा, एकवीस, तीस, अडतीस,
आणि चष्मा काढून हिंदीत विचारलं,
हे छापलं का नाही?
प्राचार्यांनी घड्याळ पाहिलं.
मी बघत राहिले त्यांच्या बोटाकडे,
ते अजून अडतीसवरच होतं.
पुढच्या विभागात पोरं टाळ्यांसाठी उभी केलेली.

श्रेणी वाढली. फाटकावर नवं अक्षर रंगवलं,
रंग ओला असतानाच कुंड्या परत गेल्या.
परिपत्रक निघालं: दरवर्षी दरडोई दोन शोधनिबंध.
प्राणिशास्त्राचा नेहेते मोर नदीतल्या माशांवर
चार वर्षं काम करत होता. गुडघाभर चिखलात, चड्डीवर.
आता इतरांनी माशांवर काय लिहिलं त्यावर लिहितो,
दर तिमाहीला एक. पंख्याखाली.
जाळं विचारलं तर म्हणतो, मेव्हण्याला दिलं,
मिरच्या वाळवतो त्यावर.

आखाजीला सुट्टी होती.
घागर भरली, वर डांगर ठेवलं, सांजोऱ्या झाल्या,
गल्लीत झोके.
दुपारी कॉलेज उघडून घेतलं.
सरांच्या खणात टेप, आणि खडूचा डबा.
टेपेच्या टोकाला खडू घासायचा, सोडायची, ओढायची;
जिथवर खडू भिजला तिथवर पाणी.
वर्गांत आता स्मार्ट बोर्ड आहेत,
खडू एवढाच उरलाय.

मोहराळ्याला सवयीनं आधी फोटो काढला.
अक्षांश आला, रेखांश आला,
वेळ आली सेकंदापर्यंत.
खोली आली नाही.

मग टेप सोडली.
जुम्मा काठावर वाकून मोठ्यानं आकडे वाचत होता,
चाळीसनंतर हळू,
पन्नासला टेप संपली.
ओढली. खडू कोरडा.

पुन्हा सोडू, तो म्हणाला, काही बांधून.
गाडीत वह्या होत्या.
त्यांची सुतळी सोडली.