पाण्यानं पोळलेली

दोन दिवस कलीनानं पाण्याला तोंड लावलं नाही.
हौदाशी यायची, मान खाली घालायची,
ओठ टेकतात न टेकतात तोच
फुरफुरून मागे सरायची
आणि कुंपणाकडेचा बर्फ चाटत राहायची.

सस्कॅचेवानमधला जानेवारी. उणे चौतीस.
पापण्या एकमेकींना चिकटतात.
पण हौद यंदा उघडा, काळा, वाफाळता;
तळाशी विजेची कांडी गुणगुणते आहे.
नाताळात बोहदाननं बसवून दिली.
‘आई, कुऱ्हाड पुरे आता. सत्तरी आली तुझी.’

शेजारचा लॉर्न म्हणाला, म्हातारी झाली घोडी, दात बघ.
डॉक्टरीण फोनवर म्हणाली, मीठ दे, कोंडा भिजवून दे,
पोटात सुक्या गवताचा गोळा झाला
तर रातोरात आडवी होईल.
मी म्हणाले, नखरे, दुसरं काय.
हातमोजा काढून पाण्यात हात घातला. काही नाही.
ओंजळभर प्यालेसुद्धा तिच्यासमोर,
लहान मुलाला दाखवावं तसं.
तिनं नुसतं पाहिलं.

तिसऱ्या सकाळी घसरले.
हौदाकडेच्या ओल्या बर्फावर, दोन्ही गुडघ्यांवर.
लोकर भिजली. सावरताना हात पाण्यात गेला
आणि कोपरापर्यंत मुंग्या चढल्या,
बारीक, चावऱ्या.
पुन्हा घातला. पुन्हा चढल्या.

माझ्या पायात रबरी बूट, बोटभर जाड तळाचे.
तिच्या पायात चार लोखंडी नाल.
दोन दिवस ती सांगत होती
आणि मी तिचे दात मोजत होते.

प्लग उपटला. पागेच्या भिंतीमागून वायर ओढली,
तर उंदरांनी वीतभर सोललेली,
उघडं तांबं पेंढ्याला टेकलेलं.
पेंढ्याला.
तिथंच पालथ्या बादलीवर बसले जरा वेळ.

मग ओस्टापची कुऱ्हाड खुंटीवरून काढून ठेवली, रात्रीसाठी.
हौदाला तीन बाजूंनी गवताच्या गाठी,
वर फळ्या, एका तोंडापुरती जागा सोडून.
बोर्शच्या मोठ्या पातेल्यात पाणी तापवलं,
स्वयंपाकघर ते हौद, सहा खेपा.

तरी ती आली नाही.
दुधानं पोळलेला ताक फुंकून पितो,
ही तर पाण्यानंच पोळलेली.
शेवटी एक रबरी बादली दूर, सफरचंदाच्या झाडाखाली ठेवली
आणि पाठ फिरवून उभी राहिले,
आपलं दुसरंच काही काम असल्यासारखी.

बऱ्याच वेळानं आवाज आला.
घोडं घोट घेतं तेव्हा कान मागे जातात, दर घोटाला एकदा.
ओस्टापनं दाखवलं होतं, लग्नाआधी.
हळूच वळून मोजले.
एकोणिसापर्यंत नीट मोजले,
मग चष्म्यावर बर्फ धरला.

रविवारी बोहदानचा फोन येईल.
विचारेल, हौद कसा आहे?
उघडा आहे, म्हणेन.
उंदरांचं सांगेन.
कुऱ्हाडीचं नाही.