पान तेवीस

वेकफील्डच्या छापखान्यात मी ठिपके चिकटवायचे.
मसुरीएवढा काळा ठिपका चिमट्याने उचलायचा
आणि सहा तारांच्या चौकटीत नेमका बसवायचा.
वय अठरा. गिटार कधी हातात धरली नव्हती.
साल सत्तावन्न, खिडकीबाहेर कोळशाचं धुकं,
आणि माझं लक्ष, खरं सांगते,
जिन्यावरून कागदांचे गठ्ठे उतरवणाऱ्या
बाइंडिंग खात्यातल्या पोराकडे.

पुस्तक होतं ऑब्री टनिक्लिफचं.
शनिवारी रात्री रेडिओवर
नाचाच्या बँडमागे बसून वाजवायचा तो,
ज्याचं नाव निवेदक घाईत गिळून टाकायचा.
बाप ग्रिम्झ्बीच्या धक्क्यावर ट्रॉलरची जाळी सांधायचा;
तारा बांधायला पोरगा त्याच्याकडूनच शिकला म्हणे:
गाठ दिसता कामा नये, आणि सुटताही.
पहिली गिटार एका नॉर्वेजियन खलाशाने दिली,
उधारी फेडायला. पाठीला भेग,
आतून हेरिंग माशाचा वास.
पुढे तो टाय लावून वाजवायचा, बँकेतल्या कारकुनासारखा,
आणि प्रस्तावनेत त्याने आयांना उद्देशून लिहिलं होतं,
बाईसाहेब, ही काही उनाडांची वस्तू नाही.

साडेतीन शिलिंग, हिरवं कव्हर.
त्या हिवाळ्यात पावासारखं खपलं.
चॅपलच्या मागच्या खोल्यांत, सायकलींच्या शेडमध्ये,
बराकींत, न्हाणीघरांत
पोरांच्या बोटांना घट्टे पडले.

मग कळलं. पान तेवीस. डी कॉर्ड.
पहिल्या तारेवरचा ठिपका एक पडदा पुढे.
ध चा मा झाला की माणूस जिवानिशी जातो.
इथे ग चा म झाला
आणि कुणी गेलं नाही. फक्त
सूर घरी पोचायचा राहिला,
उंबऱ्यावर एक पाय ठेवून उभा.

मिस्टर गॅस्कॉइननी मला सगळ्यांसमोर उभं केलं.
पगार कापला. टनिक्लिफला माफीचं पत्र गेलं.
उत्तर आलं ते पोस्टकार्डावर, पेन्सिलीने:
"काल हलमध्ये एका दुकानाबाहेर उभा होतो.
आत एक पोरगा तुमचं पान तेवीस वाजवत होता.
मी थांबलो, आता उतरेल, आता उतरेल म्हणून.
उतरलंच नाही. माझी बस गेली.
दुसऱ्या आवृत्तीत त्याला हात लावू नका."

नाही लावला.
पोरं मोठी झाली, केस वाढले, वीज आली,
मैदानं भरली. आणि गाण्याच्या ऐन मध्यावर
ती तशीच लटकायची, सगळी, न ठरवता.
का, विचारलं तर, असंच शिकलो, म्हणायची.
जाणकारांनी त्याला नाव दिलं, ग्रिम्झ्बीचा अधांतर.
एकाने लिहिलं, त्यात उत्तर समुद्र ऐकू येतो.
असेल. मला सरसाचा वास येतो.

परवा क्लीथॉर्प्सला त्याचा अंत्यविधी.
फेब्रुवारी, हीटर बंद, पाद्र्याला सर्दी.
चाळीसेक गिटारी: एक दातांचा डॉक्टर,
दोन ट्रकवाले, शाळेतली एक निवृत्त स्वयंपाकीण,
एक वृत्तपत्रांत फोटो येणारा, काळा चष्मा लावून.
कुणी एक-दोन-तीन म्हटलं.
डी आली, आणि चाळीस करंगळ्या
एकदमच एक पडदा पुढे.

मी शेवटच्या बाकावर. हात मांडीवर.
सूर तुळयांपाशी बराच वेळ उभा राहिला.
पुढच्या रांगेत एक म्हातारा खोकला,
म्हणून संपला.

शेजारच्या बाईने विचारलं,
तुम्ही त्यांच्या विद्यार्थिनी का?
मी म्हटलं, नाही. छापखान्यात होते.
अच्छा, म्हणाली ती,
आणि पर्समधून एक पेपरमिंट काढून दिलं.